मिस्सावस्त्रांची पूर्वपीठिका

धर्मगुरु मिस्साबळी अर्पण करण्यास वेदीकडे येतात तेव्हां त्यांच्या अंगावर जीं वस्त्रें असतात, तीं आम्ही बाळपणापासून पाहत आलों आहों. आणि नित्य पाहण्यांतल्या वस्तूविषयीं विचारणा करावी असें मनुष्यास सहसा वाटत नाहीं. ह्या महोत्सवाच्या निमित्तानें वेदीचीं जुनीं वस्त्रें पेटींतून बाहेर निघालीं, नवीं किती किंमतीचीं घ्यावीं ह्याविषयीं चर्चाही झाली. म्हणून ह्या वस्त्रांचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हीं वस्त्रें जुन्या करारांतील अहरोनाच्या याजकीय पोशाखावरून आलीं. मध्ययुगांतील टीकाकारांनीं तसा अर्थ लाविलाही आहे. इतिहास मात्र निराळें सांगतो. आरंभींच्या शतकांत वेदीसाठीं वेगळा वेष असा नव्हताच. रोमन साम्राज्यांतील गृहस्थांचा लांब अंगरखा तोच पुढें 'आल्बा' झाला. आणि थंडीपावसांत वरून घ्यावयाचा, मध्यें डोक्यापुरतें भोंक असलेला घोळदार झगा तोच 'कासुला'. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'लहानसें घर'. आमच्या कोंकणांतील शेतकऱ्यास येथें आपलें इरलें आठवल्यास नवल नाहीं! पुढें लोकांनीं आंखूड कपड्यांची चाल उचलली. वेदीजवळ जुनाच वेष राहिला, आणि अशा रीतीनें तो पवित्र ठरला.

धर्मगुरूंनीं वेषानें उठून दिसावें हें सर्वांस रुचत होतें असेंही नाहीं. इ. स. ४२८ मध्यें पोप पहिले सेलेस्तिन ह्यांनीं गॉल देशांतील व्हिएन व नार्बोन प्रांतांच्या बिशपांस पत्र लिहून अशा निराळ्या वेषाची कानउघाडणी केली. आमची ओळख शिकवणुकीनें व आचरणानें पटावी, पोशाखानें नव्हे, असा त्याचा आशय होता. स्पेनमध्यें इ. स. ६३३ च्या तोलेदो येथील परिषदेनें तर डीकनानें एकच स्तोला डाव्या खांद्यावर घ्यावा, आणि तोही रंगावांचून व सोन्यावांचून, असें ठरविलें.

तरी रंग आले. बाराव्या शतकाच्या अखेरीस पुढें पोप झालेले तिसरे इनोसंट ह्यांनीं रोममधील पांढरा, तांबडा, काळा व हिरवा ह्या रंगांची व्यवस्था लिहून ठेविली; १५७० च्या मिस्साग्रंथानें ती सर्वत्र रूढ केली. रेशीम व जर ह्यांनीं कासुला इतकी जड झाली कीं, हात उचलतां यावे म्हणून तिच्या बाजू कापाव्या लागल्या. ज्या वस्त्रानें अंग झांकावयाचें, तें छाती-पाठीवरच्या दोन फळ्यांसारखें झालें. ही सुधारणा होती असें आम्हांस वाटत नाहीं.

आल्बाची गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. प्राचीन काळीं पास्काच्या रात्रीं बाप्तिस्मा घेतलेले लोक आठवडाभर शुभ्र वस्त्रांत वावरत. पास्कानंतरच्या रविवारास लॅटिनमध्यें त्यावरूनच नांव पडलें. म्हणजे तें वस्त्र मूळचें आपणां सर्वांचें. सांप्रतच्या मिस्साग्रंथांतील नियमांतही आल्बा हा सर्व दर्जांच्या वेदीसेवकांचा सामाईक वेष म्हटला आहे. तो घातल्यावर धर्मगुरूंची व्यक्ति झांकते आणि त्यांचें काम तेवढें दिसतें; अंगावरच्या कपड्यावरून कोणाचें घराणें वा ऐपत समजत नाहीं.

१९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें वस्त्रांसह सर्व उपासनाकलेंत डामडौलापेक्षां उदात्त सौंदर्य शोधावें असें सांगितलें. १९६९ मध्यें हिंदुस्थानासाठीं मिळालेल्या परवानगीनुसार साधा अंगरखावजा झगा व त्यावर अंगवस्त्रासारखा स्तोला एवढ्यावरही मिस्सा होऊं शकते. हा बदल कोणास आवडला, कोणास खटकला.

किंमतीच्या वादांत आम्हांस संत योहान क्रिसोस्तोम आठवतात. मंदिरांत ख्रिस्तास रेशमी वस्त्रांनीं गौरवावयाचें आणि दाराबाहेर तोच उघडा कुडकुडत असतां पाहावयाचें नाहीं, हें त्यांस सहन होत नसे. म्हणून ह्या खेपेस जरीची नवी कासुला घेऊं नये असें आमचें मत आम्ही सभेंत मांडिलें. जुन्या पेटींतील पांढऱ्या कासुलेचें अस्तर फाटलें आहे, कापड मात्र धड आहे. तें शिवून देण्याचें काम आमच्या भगिनींनीं अंगावर घेतलें आहे.