डावा-उजवा

हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या एका शॉपमध्ये मी ड्रॉइंग वाचायला शिकलो. मडगार्डचं ड्रॉइंग डाव्याचंच असायचं. कोपऱ्यात एक ओळ, ‘उजवा याच्या उलट’. ती वाचायची राहिली की अख्खा लॉट डावाच निघायचा आणि भंगारात जायचा. जुने ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पालथं घालून उजवा भाग काढत. अक्षरं तेवढी पुन्हा लिहावी लागत.

१९६३ साली आयव्हन सदरलँडने एमआयटीत ‘स्केचपॅड’ मांडलं. त्यात मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या नकला बदलत. सॉलिडवर्क्स आलं १९९५ मध्ये. आज त्यात अख्खी असेंब्ली आरशासारखी उलटवता येते. पण ते आधी विचारतं: कोणता भाग खरंच उलटायचा, कोणता तसाच पलीकडे बसवायचा? मला हा प्रश्न त्या कोपऱ्यातल्या ओळीचाच वारस वाटतो. ब्रॅकेट उलटतो, बोल्ट नाही. बोल्ट उलटला तर आटे डावे होतात, आणि तसा बोल्ट दुकानात सहजी मिळत नाही. (सायकलच्या डाव्या पेडलला मात्र मुद्दाम डावे आटे असतात, नाहीतर ते चालवता चालवता सैल होईल.)

एका कारखान्यात अशा उलट्या बोल्टांची यादी थेट खरेदी विभागात पोचली. तिथल्या कारकुनाने न विचारता नेहमीचेच मागवले.