अर्भक-पालक अनुबंध

अर्भक-पालक अनुबंध म्हणजे तान्हे मूल आणि त्याचा नित्य सांभाळ करणाऱ्या व्यक्ती यांच्यात पहिल्या वर्षात निर्माण होणारे दृढ भावनिक नाते होय. मूल आईला ओळखते ते जन्मानंतर काही तासांतच किंवा दिवसांत; मात्र तिच्याशी त्याचा अनुबंध जुळण्यास काही महिने लागतात. ओळख आणि अनुबंध या परस्परसंबंधित पण वेगळ्या प्रक्रिया आहेत. हा अनुबंध केवळ रक्ताच्या नात्यावर किंवा दूध पाजण्यावर अवलंबून नसून, बाळाच्या हाकेला वारंवार आणि भरवशाने मिळणाऱ्या प्रतिसादातून तो घडतो, असे विसाव्या शतकातील संशोधनातून दिसून आले.

ओळखीची साधने

आवाज
गर्भाची श्रवणशक्ती गर्भारपणाच्या उत्तरार्धात कार्य करू लागते. बाहेरचे आवाज गर्भापर्यंत दबके होऊन पोहोचतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनही पोहोचत असल्याने तो अधिक स्पष्ट असतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये तीन दिवसांहून लहान अर्भकांवर एक प्रयोग केला. बाळाच्या तोंडात दूध नसलेले बोंडले देऊन, चोखण्याच्या लयीनुसार त्याला आईचा किंवा दुसऱ्या स्त्रीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येईल अशी योजना केली होती. आईचा आवाज ऐकू यावा अशा रीतीने बाळांनी आपली चोखण्याची लय बदलली. १९८४ मध्ये वडिलांच्या आवाजाबाबत असाच प्रयोग झाला. त्यात नवजात बाळांनी अनोळखी पुरुषाच्या आवाजापेक्षा वडिलांच्या आवाजाला अधिक पसंती दिली नाही. जन्मापूर्वीचा सहवास हेच या फरकाचे कारण मानले जाते.

गंध
एडन मॅकफार्लेन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाळाच्या डोक्याच्या एका बाजूस त्याच्या आईने स्तनाशी वापरलेली घडी आणि दुसऱ्या बाजूस अन्य मातेने वापरलेली घडी ठेवण्यात आली. दोन दिवसांच्या बाळांत निश्चित कल दिसला नाही. सुमारे सहा दिवसांची बाळे मात्र आपल्या आईच्या घडीकडे अधिक वेळ तोंड वळवीत होती.

चेहरा
नवजात बालकास सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरील वस्तू त्यातल्या त्यात नीट दिसते. अंगावर पाजताना बाळ आणि आईचा चेहरा यांतील अंतर साधारण एवढेच असते. ओलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की सुमारे चार दिवसांची बाळे आईच्या चेहऱ्याकडे अनोळखी स्त्रीच्या चेहऱ्यापेक्षा अधिक वेळ पाहतात. परंतु दोघींनीही केस रुमालाने झाकले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. यावरून सुरुवातीची ओळख नाक-डोळ्यांपेक्षा केसांची रेषा व चेहऱ्याची बाह्यरेखा यांवर आधारलेली असते, असा निष्कर्ष निघतो.

अनुबंधाचे टप्पे

पहिले दोन-तीन महिने बाळ कोणाच्याही कुशीत शांत होऊ शकते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास ते समोरच्या चेहऱ्याला प्रतिसाद म्हणून हसू लागते. त्यानंतर परिचित व्यक्तींना ते अधिक हसून व हुंकारून प्रतिसाद देते. सात ते नऊ महिन्यांच्या सुमारास विशिष्ट व्यक्तींशी अनुबंध स्पष्ट होतो. ती व्यक्ती दूर गेल्यास बाळ रडते आणि परक्या व्यक्तीला बिचकते. ‘बाळ आता माणसे ओळखू लागले’ असे घरोघरी म्हटले जाते ते याच वयात. वस्तुतः ओळख फार आधीची असते. या वयात नवीन असते ती जवळच्या माणसाची निवड व त्याच्या विरहाची जाणीव. म्हणून हे रडणे हट्टीपणाचे नव्हे, तर सामान्य विकासाचे लक्षण मानले जाते.

सिद्धांताचा विकास

भूक भागविणाऱ्या व्यक्तीविषयी बाळाला ओढ वाटू लागते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्यास धक्का दिला. माकडांच्या पिलांना तारेची आणि मऊ कापडाची अशा दोन कृत्रिम ‘माता’ देण्यात आल्या. दूध तारेच्या मातेकडे असतानाही पिले बहुतेक वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहिली. पिलांना आईपासून तोडणारे हे प्रयोग क्रूर असल्याची टीकाही पुढे झाली.

ब्रिटिश मनोचिकित्सक जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृविरहित बालकांविषयी अहवाल लिहिला. पुढे त्यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार रडणे, हसणे, बिलगणे या क्रिया पालकाला जवळ ठेवण्यासाठी उत्क्रांत झालेल्या आहेत. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी युगांडातील व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथील घरांत माता-बालकांचे निरीक्षण केले. त्यांच्या ‘अनोळखी परिस्थिती’ या पद्धतीत सुमारे वर्षाच्या मुलाला थोडा वेळ आईपासून दूर ठेवून, ती परतल्यावर मूल कसे वागते हे पाहिले जाते. त्यावरून त्यांनी सुरक्षित, टाळणारा आणि द्विधा असे अनुबंधाचे तीन प्रकार सांगितले; विस्कळीत हा चौथा प्रकार पुढे मेरी मेन व जुडिथ सॉलोमन यांनी जोडला.

वडील आणि इतर आप्त

रुडॉल्फ शॅफर व पेगी इमर्सन यांनी ग्लासगो येथील ६० बालकांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. दीड वर्षापर्यंत बहुसंख्य मुलांचा अनुबंध एकाहून अधिक व्यक्तींशी जुळला होता आणि त्यांत वडिलांचे स्थान ठळक होते. सर्वाधिक वेळ सोबत असणाऱ्यापेक्षा बाळाच्या संकेतांना तत्परतेने प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तीकडे मुलांचा ओढा अधिक दिसला.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. त्यामुळे अनेक बाळांना पहिले काही आठवडे वा महिने आजीचा सहवास वडिलांपेक्षा अधिक लाभतो. अनुबंध पुढील महिन्यांतील सहवासातून घडत असल्याने या विलंबाने वडिलांशी नाते जुळण्याची संधी संपत नाही. बाळाला न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे यांतील नित्य सहभाग त्यासाठी उपयुक्त ठरतो. हेच तत्त्व दत्तक पालकांनाही लागू पडते. जन्मानंतरचे पहिले काही तास आई व बाळ यांच्या नात्याच्या दृष्टीने निर्णायक असतात, हे १९७० च्या दशकात मार्शल क्लाउस व जॉन केनेल यांनी मांडलेले मत पुढील संशोधनात त्या टोकाच्या स्वरूपात टिकले नाही.

विरहाचे परिणाम आणि उपाययोजना

पूर्वी अनेक ब्रिटिश रुग्णालयांत आजारी मुलांना पालकांची भेट क्वचितच मिळे. जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ मध्ये बनविलेल्या चित्रपटातून या मुलांचे मूक दुःख समोर आले. १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुक्त भेटीची शिफारस केली.

रोमानियात १९८९ च्या सत्तांतरानंतर अनाथालयांतील हजारो बालकांची उपेक्षा जगासमोर आली. बुखारेस्टमधील १३६ बालकांच्या अभ्यासात काहींना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. सुमारे दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांमध्ये सुरक्षित अनुबंध अधिक प्रमाणात आढळला.

कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू माता काळजी’ ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे यांनी सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आई आजारी असल्यास वडील किंवा आजीही बाळाला असे छातीशी धरू शकतात.