पर्यटन लेखांकन

देशाच्या अर्थव्यवस्थेला पर्यटनामुळे मिळणारा हातभार मोजण्याची सांख्यिकीय पद्धती. राष्ट्रीय लेख्यांत उद्योग ओळखला जातो तो उत्पादित वस्तू वा सेवेवरून; पर्यटनाची ओळख मात्र ग्राहकावरून, तो आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर आहे किंवा नाही यावरून, ठरते. त्यामुळे रूढ लेख्यांत पर्यटन नावाचा उद्योग आढळत नाही. मुंबईच्या कांदिवली उपनगरातील चाकरमानी गणेशोत्सवासाठी कोकणात गावी गेला, तर त्याचे एस. टी.चे भाडे परिवहनात आणि वाटेतील जेवण उपाहारगृहांत जमा होते. तोच रोज लोकलने चर्चगेटला कामावर जातो, तेव्हा मात्र तो पर्यटक नसतो.

प्रारंभी लक्ष परदेशी प्रवाशांवरच होते. राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये परदेशात किमान २४ तास राहणाऱ्यास पर्यटक मानले. रोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने (१९६३) त्याहून कमी काळ थांबणाऱ्यांचा सहलकरी असा वेगळा वर्ग केला. परकीय चलनाची निकड असलेल्या देशांना एवढी मोजणी पुरेशी वाटे. गावी जाणारा चाकरमानी तीत येत नसे. तो आप्तांकडे उतरत असल्याने हॉटेलांच्या नोंदवह्यांतही सापडत नसे.

मुख्य लेख्यांना धक्का न लावता त्यांस पूरक कोष्टके जोडण्याची ‘उपग्रह लेखा’ ही कल्पना फ्रान्समध्ये विकसित झाली. पर्यटनाचा असा लेखा कॅनडाने १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला व २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने त्याच्या आराखड्यास मान्यता दिली. तीत प्रत्येक उद्योगाच्या मूल्यवर्धनातून प्रवाशांच्या खर्चाशी निगडित हिस्सा वेगळा काढतात.

भारताचा पहिला लेखा २००२-०३ या वर्षासाठी राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने तयार केला. देशांतर्गत प्रवासाची माहिती घरोघरच्या पाहणीतून घ्यावी लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६५ व्या फेरीत (२००८-०९) मुक्कामी प्रवासांचे सर्वांत मोठे कारण सहल नव्हे, तर सामाजिक भेटीगाठी हे आढळले. २००९-१० च्या लेख्यानुसार स्थूल देशांतर्गत उत्पादनात पर्यटनाचा वाटा ६·८ टक्के होता. पैकी प्रत्यक्ष वाटा ३·७ टक्केच. उरलेला वाटा हॉटेलास भाजी, वाहनास इंधन पुरविणाऱ्यांसारख्या अप्रत्यक्ष व्यवहारांचा होय. मोठा आकडाच उद्धृत करण्याचा प्रघात दिशाभूल करणारा आहे. कारण प्रत्येक उद्योगाने आपला अप्रत्यक्ष वाटा असाच मिळविला, तर सर्वांची बेरीज राष्ट्रीय उत्पादनाहून अधिक भरेल.