बधिर चट्टा आणि दारात उभी राहिलेली जीप

पनवेलहून नेरे गावाकडे निघाले की कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ लागते. माझ्या लहानपणी एस.टी.त हाताची बोटे आखडलेला कुणी चढला, की त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. बोटे ‘झडतात’ असे आम्ही म्हणायचो. ती झडत नाहीत. आधी हात बधिर होतो, मग तव्याचा चटका कळत नाही, जखम चिघळते आणि बोट आखूड होत जाते. हे मला कळले ते फार उशिरा, याच तालुक्यात कुष्ठतंत्रज्ञाची नोकरी धरल्यावर.

त्या रिकाम्या जागेमागे कायदाही उभा होता, श्रोतेहो. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 साली या रोगाचा जंतू शोधला, पण औषध काही सापडले नाही. औषध नसले की सरकारला कुंपण सुचते! मुंबईत 1890 मध्ये अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने रुग्णांसाठी आश्रयस्थान निघाले आणि 1898 मध्ये कायदा आला. निराधार रुग्णाला पोलिसांनी वॉरंटशिवाय धरावे, रुग्णाने खाण्याचे पदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करू नये, अशी त्यात तरतूद होती. मग अंगावरचा चट्टा कोण दाखवील? लोक तो सदऱ्याखाली लपवू लागले.

1940 च्या दशकात डॅप्सोन आले. गोळी होती, घेणारा मात्र पुढे येईना. ही गाठ सोडवायला वर्ध्याने हात घातला. तिथे 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वार्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाची वाट पाहत दवाखान्यात बसण्याची रीतच मोडली. पाहणी, शिक्षण, उपचार असा त्यांचा क्रम होता. माझ्या मते सगळी मेख मधल्या शब्दात आहे. ‘महारोग’ जाऊन ‘कुष्ठरोग’ हा शब्द रुळला, तोही याच शिक्षणाचा भाग. 1955 पासून सरकारी कार्यक्रम सुरू झाला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली आणि वर्षानुवर्षांचे उपचार महिन्यांवर आले.

हे सारे मला पाठ होते. तरीही नव्वदच्या दशकात माझ्या हातून एक चूक झाली. एका खेड्यातल्या नव्या सुनेच्या दंडावर दोन चट्टे होते. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा टेकवला, तर तिला कळले नाही. सहा महिन्यांची औषधे पुरे होती. महिन्यातून एक मात्रा आमच्या समोर घ्यायची, बाकीच्या गोळ्या घरी रोज. दुसऱ्या महिन्यात ती आली नाही, म्हणून मी तिच्या दारात गेलो. गाडीवर ठळक अक्षरांत ‘कुष्ठरोग’ लिहिलेले होते. शेजारच्या ओट्यावर बायका जमल्या. त्याच आठवड्यात सासरच्यांनी तिला माहेरी पोचवले.

त्यानंतर मी गाडी गावाबाहेर उभी करू लागलो. एका घरी जाण्याऐवजी शाळेतल्या सगळ्या मुलांची तपासणी करायची, मग पाड्यावरच्या सगळ्या घरांची, सरपंचाच्या घरापासून सुरुवात. सरपंचानेच सदरा काढला, की बाकीचे निमूट रांगेत येत. सगळेच तपासले गेले, की कुणा एकाचे दार डोळ्यांवर येत नाही. सभेत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो. औषध सुरू झाले, की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका संपतो, त्याला घरातून काढू नका. त्या गावात हे मी आधी सांगायला हवे होते.

डिसेंबर 2005 मध्ये देशात हा रोग दहा हजारांमागे एक रुग्ण या मर्यादेखाली आला. नवे रुग्ण अजूनही सापडतात. 1898 चा कायदा मात्र 2016 मध्ये रद्द झाला, आणि घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग वगळायला 2019 उजाडले.

त्या मुलीचे कार्ड मी तिच्या माहेरच्या केंद्राकडे पाठवले होते. सहाही मात्रा पूर्ण झाल्याची नोंद होऊन ते परत आले. ती सासरी परतली नाही.