आणखी एक प्राणी : पाळण्याच्या हौसेचा थोडा इतिहास

घरांत एक प्राणी असतांना दुसरा आणूं द्यावा कीं नाहीं, हा वाद ज्या घरांत मूल आहे त्या घरांत केव्हां ना केव्हां व्हावयाचाच. मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या टोकाकडे, मीरा रोड स्टेशनाच्या पूर्वेस बेव्हर्ली पार्क म्हणून इमारतींची वस्ती आहे. तेथल्यासारख्या बेताच्या जागेंत तो विशेष चिघळतो. माशांची कांचेची पेटी आधींच दिवाणखान्यांत बसलेली असते, आणि मुलांना आतां कासव हवें असतें. आईबापांचें नाहीं म्हणणें हें केवळ अरसिकपणाचें लक्षण, असें मुलांस वाटतें. आणि मुलांचा हट्ट हा केवळ चार दिवसांचा, असें आईबापांस वाटतें. महाराष्ट्रांत अशी हौस पूर्वीं कोणी केली आणि तिचें पुढें काय झालें हें पाहिलें, तर दोन्ही पक्षांस थोडें थांबावें लागेल असें आम्हांस वाटतें.

सातारच्या शाहूमहाराजांच्या कुत्र्याची गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. वाघाच्या तावडींतून त्यानें धन्याचा प्राण वांचविला म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला असें सांगतात, आणि त्याची समाधि संगम माहुलीस आजही दाखवितात. परंतु कुत्रा हा झाला तरी घरचाच. खरी हरकत निघावयाची ती गेंड्याला!

आणि गेंडा बाळगणारा मुलगा पुण्यास खरोखरच होऊन गेला. सवाई माधवराव पेशवे 18 एप्रिल 1774 रोजीं पुरंदरावर जन्मले. बाप नारायणराव त्यांच्या जन्मापूर्वींच, 30 ऑगस्ट 1773 रोजीं, शनिवारवाड्यांत मारला गेला होता; आई गंगाबाई 1777 मध्यें वारली. पेशवाईचीं वस्त्रें तर अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकास मिळालीं. अशा मुलानें हट्ट करावा तो कोणाजवळ? पालक म्हणून उरले ते नाना फडणीस. आणि नानांची नजर चोहोंकडे. राज्याचीं सूत्रें नानांच्या हातीं, भोंवतालचीं माणसें नानांच्या विश्वासांतलीं. धन्याला धनीपणा असा फार थोड्या ठिकाणीं लाभे. त्यांतलें एक ठिकाण म्हणजे पर्वतीच्या पायथ्याजवळचा त्यांचा शिकारखाना होय.

तेथें सिंह होते, गेंडा होता. इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट 1786 पासून पुण्यास राहूं लागला होता. त्याच्या आश्रयानें चित्रें काढणारा गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकारानें 1790 सालीं या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. तें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. त्या वर्षीं पेशवे सोळा वर्षांचे होते. म्हणजे आज ज्या वयाचा मुलगा घरीं सशासाठीं विनवण्या करतो, त्या वयांत यांच्यापाशीं गेंडा होता.

तथापि पेशव्यांचा जीव विशेष होता तो हरणांवर. रानांतलीं हरणें त्यांनीं अशीं शिकवून तयार केलीं होतीं कीं, गाण्याबजावण्याचा नाद ऐकून तीं कळपानें जवळ येत आणि माणसांत निर्भयपणें वावरत. मॅलेटसारख्या परक्या मनुष्यास त्याचा इतका अचंबा वाटला कीं, त्यानें तो प्रकार मुद्दाम लिहून ठेवला. आम्हांस यांत नुसता राजविलास दिसत नाहीं. ज्या मुलाला आपल्या मर्जीनें कोठें जाण्यायेण्याची मोकळीक फारशी नव्हती, त्यानें पळपुट्या जातीच्या प्राण्याला आपल्या मर्जीनें जवळ यावयास शिकविलें, ही गोष्ट आम्हांस गेंड्याहून मोठी वाटते. पुढें शनिवारवाड्यांतून खालीं पडून 27 ऑक्टोबर 1795 रोजीं त्यांचा अंत झाला. वय एकवीस. पर्वतीच्या त्याच परिसरांत 1953 मध्यें पुण्याच्या महानगरपालिकेनें पेशवे उद्यान उघडलें, तेथें पुन्हां प्राणी आले, आणि कालांतरानें कात्रजच्या प्राणिसंग्रहालयांत हलविले गेले.

येथें एक गोष्ट सहज सुचते म्हणून सांगतों. पालक, पाल्य, पाळीव आणि पाळणा हे शब्द आपल्या भाषेंत एकाच घरचे आहेत. मूल आणि मांजर, दोघांनाही आपण 'पाळतों', वचनही पाळतों. प्राण्याच्या बाबतींत हा शेवटला अर्थ बाजारांत पिंजरा विकत घेतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरें उदाहरण मुंबईचें. 1883 सालीं आठ गृहस्थांनीं मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. संस्थेस पुढें फिप्सन नांवाच्या साहेबानें आपल्या दारूच्या पेढीच्या जागेंत आसरा दिला, आणि तेथें 1894 सालीं कारवाराहून एक तीन महिन्यांचें महाधनेशाचें पिल्लू भेट म्हणून आलें. त्याचें नांव विल्यम ठेवण्यांत आलें. हा पक्षी फळें खाई, जिवंत उंदीर आणि विंचूही खाई, पाणी मात्र पीत नसे. तीस फुटांवरून फेंकलेला टेनिसचा चेंडू तो चोंचींत अचूक झेली. एकदां तर जळती चिरूट गिळूनही त्याला कांहीं झालें नाहीं. संस्थेचें बोधचिन्ह महाधनेश झालें, आणि तिच्या आजच्या इमारतीचें नांवही हॉर्नबिल हाऊस असेंच आहे. इतका लाड क्वचितच कोणा पाळीव पक्ष्याचा झाला असेल.

परंतु हा विल्यम मेला 1920 सालीं. सव्वीस वर्षें! दहा वर्षांच्या मुलानें असा पक्षी घरीं आणला तर तो मरावयाच्या वेळीं मुलगा छत्तीस वर्षांचा, बहुधा स्वतः बाप झालेला असावयाचा. मध्यंतरीं शाळा, कॉलेज, नोकरी, परगांव. फळें चिरून देणार कोण? आईबाप हा प्रश्न विचारतात तेव्हां ते कंजूषपणा करीत नसतात, आपलेंच भविष्य वाचीत असतात. शिवाय महाधनेशाची मादी अंडीं घालतांना झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते. ढोलीचें तोंड लिंपून केवळ फटीएवढी जागा उरते आणि नर बाहेरून चारा भरवितो. तेव्हां ढोलींतून पिल्लू काढावयाचें तर एक चालता संसार मोडावा लागतो. विल्यमच्या गोष्टींतला हा भाग चेंडूच्या कौतुकांत झांकून जातो.

तिसरें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे, आणि मुलांची बाजू कोणी घ्यावयाची असेल तर त्यानें येथून घ्यावी. 23 डिसेंबर 1973 रोजीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहूं लागले. एके दिवशीं शिकारीहून परतणारे माडिया लोक त्यांना भेटले. मारलेल्या वानरीच्या अंगाला तिचें जिवंत पिल्लू चिकटून होतें. तें खाण्यासाठींच नेत होते, कारण पोटांत भूक होती. आमट्यांनीं त्याच्या बदल्यांत तांदूळ देऊन तें घरीं आणलें. मग दुसरें आलें, तिसरें आलें. बिबटे आले, अस्वलें आलीं. पोरकें पिल्लू सांपडलें म्हणजें तें खाण्याऐवजीं दवाखान्याकडे नेऊन द्यावें, अशी त्या भागांत रीत पडत गेली. या घरांत 'आणखी एक' कशासाठीं, असें विचारण्यास जागाच नव्हती. नाहीं म्हटलें असतें तर पिल्लू शिजलें असतें. हौसेनें रानांतून ओढून आणलेला प्राणी आणि मरणाच्या दारांतून उचललेला प्राणी, दोन्ही पिंजऱ्यांत सारखेच दिसतात, पण त्यांची तुलना करणें अन्यायाचें आहे.

आतां बेव्हर्ली पार्कच्या कासवाकडे वळूं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगी देणें हें पुष्कळ अंशीं आईबापांच्या हातीं राहिलेलेंच नाहीं. आजीच्या पिंजऱ्यांतला राघू आज कायद्याला मंजूर नाहीं. पाठीवर पिवळे तारे असलेलें देशी कासव लक्ष्मी आणतें या समजुतीनें चोरून विकलें जातें. तें घरीं ठेवणें हा गुन्हा आहे, आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासही बंदी आहे. परदेशी प्राण्यांपैकीं आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत जे आहेत, त्यांची नोंदणी 2022 च्या दुरुस्तीनें आणि 2024 च्या नियमांनीं आवश्यक झाली आहे.

उरतें तें कानाशीं तांबडा पट्टा असलेलें, रुपयाएवढें हिरवें अमेरिकन कासव. तें दुकानांत राजरोस मिळतें, आणि मुलांचें मन बहुधा त्यावरच गेलेलें असतें. हें रुपयाएवढें फार दिवस राहत नाहीं. जेवणाच्या ताटलीएवढें होतें, आणि वीस-तीस वर्षें जगतें. मग पेटी पुरत नाहीं, पाणी घाण होतें, आणि एके रात्रीं कोणीतरी तें जवळच्या तळ्यांत सोडून येतो. तेथें तें मरत नाहीं. देशी कासवांचा चारा आणि ऊन खाण्याची जागा बळकावतें. या कासवापुरतें आम्ही आईबापांच्या बाजूचे आहों.

ससा, गिनीपिग, किंवा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच जन्मलेले बजरीगर यांविषयीं मात्र आमचें मत तितकें कठोर नाहीं. त्यांचें आयुष्य पांच-दहा वर्षांचें असतें, म्हणजे एका बालपणांत तें मावतें. रान लुटून ते आणावे लागत नाहींत. येथें बहुधा शेवटचा बचाव म्हणून बाबा सोसायटीची नियमावली पुढें करतात. परंतु भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें 2015 सालींच स्पष्ट केलें आहे कीं, गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालतां येत नाहीं. तेव्हां सशाला नकार द्यावयाचा असेल तर तो बाबांनीं स्वतःच्या नांवानें द्यावा, आणि कारणही स्वतःचेंच सांगावें.