परागंदा पंडित आणि तुर्कस्तानचें विद्यापीठ

सन 1933 च्या जुलै महिन्याच्या 6 तारखेस अंकारा शहरीं तुर्कस्तानच्या शिक्षणमंत्र्यांच्या कचेरींत एक बैठक भरली होती. ती सुमारें सात तास चालली. मेजाच्या एका अंगास मंत्री रेशित गालिप व त्यांचे सल्लागार बसले होते आणि दुसऱ्या अंगास फिलिप श्वार्त्स नांवाचे एक विकृतिशास्त्रज्ञ. हे गृहस्थ त्याच वर्षीच्या मार्च महिन्यापर्यंत फ्रांकफुर्टच्या विद्यापीठांत प्राध्यापक होते. तेथून ते झुरिकला पळून आले, आणि आपल्यासारख्याच पदच्युत विद्वानांना कोठें तरी काम मिळवून द्यावें म्हणून त्यांनीं तेथें एक मंडळ काढलें. त्या मंडळानें केलेली यादी श्वार्त्स यांच्या हातीं होती. मंत्र्यांनीं विषय सांगावा आणि श्वार्त्स यांनीं त्या विषयाचा माणूस सांगावा, असा क्रम चालला, आणि बैठक उठली तेव्हां तीसेक अध्यासनें भरल्यासारखीं झालीं होतीं. एका मोठ्या विद्यापीठाची इतकी घडण एका बैठकींत, एका कागदावरून झाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

इतके नाणावलेले लोक एकदम मोकळे कसे सांपडले, हें आज कोणास सांगावयास नको. त्याच वर्षीं 7 एप्रिल रोजीं जर्मनीच्या नव्या राजवटीनें सरकारी नोकरवर्गासंबंधीं एक कायदा केला. जर्मनीचीं विद्यापीठें सरकारी, तेव्हां प्राध्यापक हा सरकारी नोकर. यहुदी वंशाच्या आणि राजकीय दृष्ट्या नापसंत अशा शेंकडों अध्यापकांना बाहेर काढण्यास तेवढा एक कायदा पुरला. दंतवैद्यकाचे प्राध्यापक आल्फ्रेड कांटोरोविच यांना तर बंदिछावणींत टाकण्यांत आलें होतें. तुर्की सरकारनें त्यांची मागणी केली, तेव्हां कोठें त्यांची सुटका झाली.

आतां घेणाऱ्याची गरज पाहूं. 1923 सालीं तुर्कस्तान प्रजासत्ताक झालें. 1928 सालीं अरबी लिपि टाकून रोमन लिपि घेण्यांत आली. पण इस्तंबूलचें जुनें विद्यापीठ, ज्याला दारुल्फनून म्हणजे विद्यांचें घर म्हणत, तें या उलथापालथींत अंग चोरून बसलें, अशी केमाल पाशांच्या मंडळींची तक्रार होती. जिनीव्हाचे शिक्षणशास्त्रज्ञ आल्बेर माल्श यांना बोलावून 1932 सालीं त्यांच्याकडून एक अहवाल लिहून घेण्यांत आला. प्राध्यापकांनीं जुनीं टांचणें वाचून दाखवावीं, विद्यार्थ्यांनीं तीं घोकावीं, तुर्की भाषेंत वाचण्याजोगीं शास्त्रीय पुस्तकें फार थोडीं, आणि स्वतंत्र संशोधनाची तर वाणच, असा त्याचा इत्यर्थ होता. (आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं कॉलेजांत दिवस काढले आहेत त्यांना हें वर्णन अगदींच परकें वाटणार नाहीं.) 31 जुलै 1933 रोजीं दारुल्फनून बंद झालें, व दुसऱ्याच दिवशीं त्या जागीं इस्तंबूल विद्यापीठ उघडलें. इमारती होत्या, विद्यार्थी होते. शिकविणारे हवे होते.

रेशित गालिप यांना इतिहासाचा नाद असावा. 1453 सालीं कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हातीं गेलें तेव्हां तेथील ग्रीक पंडित इटलींत पळाले व युरोपच्या विद्येला बहर आला. त्याची भरपाई आज युरोपाकडून होत आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं त्या बैठकींत काढल्याचें श्वार्त्स यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. ही उपपत्ति इतिहासकार आतां जशीच्या तशी मानीत नाहींत. त्यांना याहून जवळचा दाखला देतां आला असता. 1492 सालीं स्पेननें हांकलून दिलेल्या यहुद्यांना सुलतान दुसरा बायझीद यानें आपल्या राज्यांत घेतलें, आणि थोड्याच वर्षांत त्या लोकांनीं कॉन्स्टँटिनोपलास हिब्रू छापखाना घातला. तुर्की पुस्तकें छापणारा छापखाना त्या शहरांत निघावयास त्यानंतर दोनशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं. आलेल्या माणसांजवळ विद्या होती. ती उचलण्याची बुद्धि घेणाऱ्याला झाली नाहीं. 1933 सालीं तोच प्रकार पुन्हा होऊं नये, याची तजवीज करारांतच करून ठेविलेली दिसते.

निर्वासितांस आश्रय देणें या गोष्टीकडे आम्ही सामान्यतः दयेच्या दृष्टीनें पाहतों. संजाणच्या राण्यानें पारश्यांस ठाव दिला त्या वेळची दुधासाखरेची कथा मुंबई इलाख्यांत कोणीं ऐकलेली नाहीं? परंतु ‘किस्से संजाण’ या जुन्या फार्सी काव्यांत राजानें घातलेल्या अटीही दिल्या आहेत, आणि आपली भाषा टाकून या देशाची भाषा बोलावी, ही त्यांतली एक आहे. अंकाऱ्याच्या करारांतही नेमकी तीच अट होती. पगार तुर्की प्राध्यापकांच्या मानानें पुष्कळच मोठा. त्याच्या मोबदल्यांत पाहुण्यानें तीन वर्षांत तुर्की भाषा शिकून तींत व्याख्यानें द्यावयाचीं, आपल्या विषयावर पाठ्यपुस्तक लिहावयाचें, आणि हाताखालीं तुर्की तरुण तयार करावयाचे. म्हणजे आपली जागा पुढें ज्यानें घ्यावयाची तो माणूस आपणच घडवावयाचा! असा करार सुखानें नांदणाऱ्या विद्वानानें केला असता कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

पहिलीं वर्षें कष्टाचीं गेलीं. प्राध्यापकानें जर्मन किंवा फ्रेंच भाषेंत दोनचार वाक्यें बोलून थांबावें, आणि शेजारीं उभ्या असलेल्या साहाय्यकानें तींच तुर्कींत सांगावीं. तासाचा निम्मा वेळ दुभाष्याचा. त्यांतून लिपि बदलून उणींपुरीं पांच वर्षें झालेलीं, आणि अरबी-फार्सी शब्द ठेवावे कीं नवे घडवावे याचा वाद ऐन भरांत. परक्यानें जी भाषा शिकावयाची तीच मुळीं अजून पाय रोवीत होती. कित्येकांना ती कधींच नीट साधली नाहीं. पण एर्न्स्ट हिर्श या कायदेपंडितांचें उदाहरण निराळें आहे. ते आले तेव्हां अवघे 31 वर्षांचे होते. त्यांनीं दुभाष्या सोडला, तुर्कींतून शिकविण्यास आरंभ केला, तुर्कींतच ग्रंथ लिहिले. अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ नॉयमार्क यांनींही तसेंच केलें, आणि तुर्कस्तानच्या प्राप्तिकराची जी नवी घडी पुढें बसली तींत त्यांचा हात होता.

येथें आमचें मन घराकडे वळल्यावांचून राहत नाहीं. मराठींत पुस्तकें नाहींत म्हणून वरचे विषय मराठींतून शिकवितां येत नाहींत, आणि शिकवीत नाहींत म्हणून पुस्तकें होत नाहींत, हें रडगाणें आमच्या आजोबांनीं गाइलें आणि आम्हीही गात आहों. अण्णासाहेब कर्व्यांनीं 1916 सालीं महिला विद्यापीठ मराठींतून चालवून दाखविलें. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठानें 1918 सालीं उर्दू माध्यम धरलें तें आधीं भाषांतरखातें उभारून. (ती उर्दू मराठवाड्यांतल्या मुलांच्या घरची भाषा नव्हती, हा भाग वेगळा.) तुर्कांनीं हा फेरा दुसऱ्या टोंकाकडून तोडला. ज्ञान असलेला माणूस आधीं आणला, आणि तुझें ज्ञान आमच्या भाषेंत उतरवून दे, असें त्याच्याकडून लिहून घेतलें.

परंतु या व्यवहाराला दुसरी बाजू आहे, आणि ती बहुधा सांगितली जात नाहीं. अध्यासनें भरावयाचीं तर तीं आधीं रिकामीं असावीं लागतात. जुन्या दारुल्फनूनमधले निम्म्याहून अधिक शिक्षक नव्या विद्यापीठांत घेतले गेले नाहींत. त्यांत टांचणें वाचणारे असतील, पण एके काळचे कुलगुरु व नामांकित शिक्षणशास्त्रज्ञ इस्माईल हक्की बालताजीओलू यांच्यासारखे लोकही होते. केवळ अपात्रतेसाठीं काढलें कीं राजकीय मर्जी गेली म्हणून काढलें, हा वाद तुर्कस्तानांत अजून मिटलेला नाहीं. एका सरकारच्या कायद्यानें रस्त्यावर आलेल्या प्राध्यापकांनीं दुसऱ्या सरकारच्या हुकुमानें रस्त्यावर आलेल्यांच्या खुर्च्या घेतल्या, ही गोष्ट त्या बिचाऱ्या जर्मनांच्या ध्यानांत आली असेल तर त्यांना ती खासच टोंचली असली पाहिजे. मागें उरलेल्या तुर्की अध्यापकांना पाहुण्यांचे भारी पगार दिसत होते. त्यांच्या मनांत काय चाललें असेल तें सांगणें नलगे.

वैद्यकांत लाभ सर्वांत लवकर दिसला, कारण रोग्याला भाषेची अडचण थोडी. बर्लिनचे शस्त्रवैद्य रूडोल्फ निस्सेन 1933 ते 1939 इस्तंबूलला होते. अन्ननलिकेच्या एका रोग्यावर 1936 च्या सुमारास त्यांनीं तेथें शस्त्रक्रिया केली, तींतून त्यांना एक युक्ति सुचली, आणि आज जठराम्ल वर येण्याच्या विकारावर जी शस्त्रक्रिया जगभर त्यांच्या नांवानें करतात तिचें मूळ त्या रोग्यांत आहे. आम्हांस मात्र निस्सेन यांच्याहून आल्बेर्ट एकस्टाइन यांची हकीकत अधिक हृद्य वाटते. हे ड्युसेलडोर्फचे बालरोगतज्ज्ञ 1935 सालीं अंकाऱ्यास आले आणि रुग्णालयांत बसून न राहतां अनातोलियाच्या खेड्यापाड्यांतून हिंडले. किती मुलें जन्मतात, किती मरतात, कशानें मरतात, याची त्यांनीं घरोघर चौकशी केली. ज्या देशानें त्यांना बोलाविलें त्या देशाच्या शहरी पुढाऱ्यांना आपलीं खेडीं अशा रीतीनें पाहुण्याच्या डोळ्यांनीं पहावयास मिळालीं.

इतकें झालें तें यादींत नांव असलेल्यांचें. 1933 च्याच सप्टेंबरांत आइन्स्टाइन यांनीं एका यहुदी साहाय्यक मंडळाचे मानद अध्यक्ष या नात्यानें तुर्कस्तानच्या पंतप्रधानांस पत्र लिहिलें. आणखी चाळीस प्राध्यापक व डॉक्टर येऊं इच्छितात, आणि ते एक वर्षभर बिनपगारी काम करावयास तयार आहेत, असा त्यांतील मजकूर होता. नोव्हेंबरांत उत्तर गेलें: आम्हीं चाळीसाहून अधिक लोकांशीं करार केले आहेत, याहून अधिक घेणें शक्य नाहीं. उत्तर सभ्य होतें, आणि कदाचित् खरेंही होतें.

पुढें 1938 सालीं, स्वदेशांत निर्बंध असलेल्या यहुद्यांना तुर्कस्तानांत येण्यास बंदी करणारा हुकूम निघाला. सरकारला हवे असलेले तज्ज्ञ तेवढे अपवाद. या नियमाचा अर्थ काय होतो तें डिसेंबर 1941 मध्यें इस्तंबूलच्या बंदरानेंच पाहिलें. ‘स्त्रुमा’ नांवाचें मोडकें जहाज रुमानियांतून पळालेले साडेसातशेंहून अधिक यहुदी घेऊन पॅलेस्टाइनला निघालें होतें. यंत्र बिघडल्यामुळें तें 15 डिसेंबरला तेथें आलें. हातावर मोजण्याइतके सोडून कोणासही उतरूं देण्यांत आलें नाहीं. पॅलेस्टाइनचा परवाना इंग्रज देईनात, आणि परवान्यावांचून तुर्क जमिनीवर पाय ठेवूं देईनात. सुमारें दहा आठवडे तें जहाज शहराच्या डोळ्यांसमोर नांगरून होतें. 23 फेब्रुवारी 1942 रोजीं तें ओढून काळ्या समुद्रांत नेऊन सोडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका सोव्हिएट पाणबुडीनें तें बुडविलें. त्यांतला एकच माणूस वांचला. विद्यापीठ त्या बंदरापासून लांब नाहीं. ज्यांना कांहीं वर्षांपूर्वीं भाडें देऊन आणलें होतें ते आणि हे एकाच छळाचे बळी. फरक एवढाच कीं यांच्या हातांत कोणाच्या यादीला लागणारी विद्या नव्हती. दोष एकट्या तुर्कांचा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण हिशेब मांडतांना ही बाब वगळणेंही तितकेंच अन्यायाचें होय.

आमच्या देशानें या बाबतींत फार फुशारकी मारूं नये. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेचे संचालक असतां त्यांनीं 1935 सालीं गटिंगेनहून निघालेल्या माक्स बोर्न यांना तेथें बोलाविलें. बोर्न सहा महिने राहिले, आणि त्यांना कायमची जागा द्यावी अशी रामन यांची खटपट होती. तेव्हां तेथल्याच एका इंग्रज प्राध्यापकानें भर सभेंत, स्वतःच्या देशानें घालविलेला दुय्यम प्रतीचा परका मनुष्य आम्हांस नको, अशा आशयाचें भाषण केलें, आणि तें बोर्न यांना समोर बसून ऐकावें लागलें. जागा मिळाली नाहीं. 1936 सालीं ते एडिंबरोस गेले; 1954 सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

इस्तंबूलची मंडळीही फार काळ एकत्र राहिली नाहीं. भाषापंडित लिओ श्पिट्झर 1936 सालींच अमेरिकेस गेले. तत्त्वज्ञ राइखेनबाख 1938 सालीं, गणिती फॉन मिझेस 1939 सालीं. जे राहिले त्यांना महायुद्धांत जर्मनीनें नागरिकत्वांतून काढलें, तेव्हां तुर्की कागदपत्रांत त्यांच्यापुढें ‘हाइमातलोस’ म्हणजे देशहीन असा जर्मन शब्दच लिहूं लागले, आणि तो तुर्की भाषेंत कायमचा राहिला. एरिख आउअरबाख यांनीं आपला प्रसिद्ध ग्रंथ ‘मिमेसिस’ याच काळांत इस्तंबूलला लिहिला व 1947 सालीं तेही गेले.

हिर्श यांनीं 1943 सालीं तुर्की नागरिकत्व घेतलें आणि 1952 सालीं ते बर्लिनला परतले. त्यांच्या हातून घडलेला तुर्कस्तानचा व्यापारी कायदा 1957 च्या जानेवारींत अमलांत आला व 2012 पर्यंत चालू होता. ब्रेस्लाऊचे वैद्य एरिख फ्रांक मात्र परत गेले नाहींत. 1933 पासून इस्तंबूलच्या रोग्यांना तपाशीत त्यांनीं चोवीस वर्षें काढलीं. 1957 सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला, सरकारी इतमामानें त्यांची प्रेतयात्रा निघाली, आणि बॉस्फरसच्या कांठच्या आशियान दफनभूमींत त्यांना पुरण्यांत आलें.