सोजिरांचं बंड

10 मे 1857 रोजी मेरठमध्ये शिपायांनी बंड केलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच मेरठच्या छावणीत दोन वर्षांनी, 1859च्या मे महिन्यात, पुन्हा कुजबुज सुरू झाली. या वेळी बिथरले होते ते कंपनीचे गोरे सोजीर.

1858च्या कायद्याने हिंदुस्थान कंपनीकडून राणीकडे गेला, तशा कंपनीच्या युरोपियन पलटणीही गेल्या. पगार, पेन्शन, नोकरीच्या अटी जुन्याच राहणार होत्या. पण सोजिरांना विचारलं कुणी? गोठा विकला की दावणीची गुरं नव्या धन्याकडे जातात, तसं हे झालं. आपण कंपनीच्या चाकरीत आलो, ती कंपनी बुडाली, तेव्हा करार संपला, असं त्यांचं म्हणणं. एक तर नाव कमी करा, नाहीतर राणीच्या फौजेत नव्याने भरती करून भरतीचं इनाम द्या. ज्यांना बदल नको त्यांना सुटका मिळेल, असं पंतप्रधान पामर्स्टन पार्लमेंटात बोलून गेला होता, त्याचाही त्यांना आधार वाटत होता.

कायदेपंडितांनी मागणी फेटाळली. गव्हर्नर जनरल कॅनिंगनेही नकार कळवला. मग बेरहामपूरला पाचव्या बंगाल युरोपियन पलटणीने हुकूम मानणंच सोडलं.

आता करायचं काय? शिपायांच्या बाबतीत सरकारपाशी उत्तर तयार होतं. ऑक्टोबर 1857 मध्ये मुंबईच्या एस्प्लनेड मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गदिया या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं होतं, तेही नुसत्या कटाच्या आरोपावरून. गोऱ्यांपुढे मात्र सरकार जूनमध्ये नमलं. हवी त्याला सुटका आणि विलायतेचा प्रवास फुकट. इनाम तेवढं नाही! पंधरा हजारांच्या आसपास असलेल्या त्या फौजेतले दहा हजारांहून अधिक सोजीर घरी निघाले. सरकारचा हिशेब साफ चुकला होता.

सगळेच सुटले नाहीत. त्याच पाचव्या पलटणीतल्या विल्यम जॉन्सन नावाच्या सोजिराला नोव्हेंबर 1860 मध्ये दानापूरला गोळ्या घातल्या गेल्या आणि पलटणच मोडली. उरलेल्या पलटणींना पुढे राणीच्या फौजेतले क्रमांक मिळाले. 1858 मध्ये झाशीच्या तटावर चढलेली तिसरी बॉम्बे युरोपियन पलटण 1862 पासून 109वी म्हणून ओळखली जाऊ लागली.